पातळ पत्र्याचे वेल्डिंग : उष्णता किती आणि कुठे

कलबुर्गीजवळच्या कपनूर औद्योगिक वसाहतीत डाळ मिलसाठी हॉपर बनवायचा असो, बसवकल्याणच्या सस्तापूर बंगला परिसरात ट्रकच्या केबिनचा गंजलेला दरवाजा दुरुस्त करायचा असो, की भालकी-औराद भागातल्या एखाद्या गावात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरची बॉडी तयार करायची असो, फॅब्रिकेशन करणाऱ्यांची अडचण एकच असते. पत्रा सरळ कापलेला असतो, गुण्यात धरलेला असतो, टाकेही जागच्या जागी पडलेले असतात. पूर्ण वेल्डिंग होऊन काम थंड झाले की मात्र मधला भाग फुगतो, कडेला लाटा पडतात आणि चौकोनाला पीळ बसतो.

मग दोष मशीनवर जातो. ‘साधे आर्क वेल्डिंग होते म्हणून वाकले, सीओटू असते तर वाकले नसते’ असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण निम्मेच. पद्धत ठरवण्याआधी पत्रा किती जाड, कोणत्या धातूचा, सांधा किती लांब आणि तो सलग जोडण्याची खरोखर गरज आहे का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे हवीत. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच विचारायचा राहून जातो.

साधे पोलाद १०० अंशांनी तापले की दर मीटरला सुमारे १.२ मिमी वाढते. वेल्डिंगच्या रेषेवर ते १,५०० अंशांच्या आसपास वितळत असते आणि वीतभर अंतरावरचा पत्रा हाताला जेमतेम कोमट लागतो. तापलेल्या पट्ट्याला पसरायचे असते, भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. उष्णतेने मऊ झालेला धातू मग जागच्या जागी दबतो. निवताना तो आकसतो तेव्हा त्याची लांबी मूळ लांबीहून कमी भरते आणि तो दोन्ही बाजूंचा पत्रा आपल्याकडे ओढतो. जाड प्लेट ही ओढ सोसते. पातळ पत्र्याला ती सोसत नाही, म्हणून तो मोकळ्या बाजूला फुगून बाहेर पडतो.

हा फरक किती मोठा आहे, हे जाडीच्या हिशेबावरून कळते. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २ मिमीचा पत्रा १ मिमीच्या पत्र्यापेक्षा आठपट ताठ असतो. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिमी आणि १८ गेजचा १.२ मिमी. वजन आणि माल एक तृतीयांशाने वाढतो, पण ताठपणा सव्वादोन पटींहून अधिक वाढतो. रुंद, सपाट आणि दिसणाऱ्या भागासाठी एक पायरी जाड पत्रा घेणे हे कित्येकदा नव्या मशीनपेक्षा स्वस्त पडते. जाडी वाढवायची नसेल तर कडा दुमडाव्यात, किंवा पॅनेलवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी तिरपी घडी मारावी. हवेच्या डक्टवर दिसणाऱ्या फुलीच्या घड्या शोभेसाठी नसतात. सपाट पत्र्याला बाक देऊन ताठ करण्यासाठी असतात.

आता पद्धतींकडे. सीमाभागातल्या लहान वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त भेटते ते रॉडचे आर्क वेल्डिंग. ६०१३ जातीचा रॉड सगळीकडे मिळतो, गॅसचा सिलिंडर लागत नाही आणि वाऱ्यावर उघड्यावरही काम होते. पत्रा बिघडतो तो बहुधा रॉडच्या जाडीमुळे. गेट आणि ट्रॉलीसाठी आणलेला ३.१५ मिमीचा रॉड त्याच करंटवर पत्र्यालाही लावला जातो. १.६ मिमी म्हणजे १६ गेजपर्यंतच्या पत्र्याला २ मिमीचा रॉड आणि ४० ते ६० अँपिअर पुरतात. इन्व्हर्टर मशीन असेल तर होल्डर निगेटिव्हला आणि अर्थ पॉझिटिव्हला जोडावी. या रॉडने पातळ पत्र्याला त्यामुळे भोक पडण्याचा धोका कमी होतो. आर्क आखूड ठेवावा, हात चालता ठेवावा आणि शक्य तिथे सांधा किंचित उतारावर धरून वरून खाली यावे. १.२ मिमीच्या खाली मात्र रॉडचा हट्ट धरू नये. कसलेला मिस्त्री ते करून दाखवतो, पण रोजच्या कामात भोक बुजवण्यासाठी पुन्हा पुन्हा आर्क मारावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याच जागी नवी उष्णता ओतली जाते.

१ ते २ मिमीच्या साध्या पोलादी पत्र्यासाठी, रोजच्या धंद्याला सर्वांत सोयीचे आहे ते मिग, म्हणजेच वर्कशॉपच्या भाषेतले सीओटू वेल्डिंग. ०.८ मिमीची वायर, १६ ते १८ व्होल्ट आणि पत्र्याप्रमाणे साधारण ५० ते ९० अँपिअर, ही सुरुवातीची नोंद. आवाज तेल तडतडल्यासारखा एकसारखा येऊ लागला की मशीन जुळले. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण थेंब जास्त उडतात. आर्गॉनमध्ये १५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेले मिश्रण कमी व्होल्टेजवर शांत चालते आणि ग्राइंडिंग वाचते. ग्राइंडिंग वाचणे हेही पत्रा वाचवणेच आहे, कारण जड हाताने दाबलेली डिस्क पातळ पत्र्याला निळा पडेपर्यंत तापवते आणि सरळ राहिलेला सांधा घासताना वाकतो. एक सूचना इथल्या हवेसाठी: एप्रिल-मेमध्ये कामगारांच्या अंगावर मोठा पंखा सोडलेला असतो आणि तोच वारा वेल्डवरचा गॅस उडवून नेतो. सांध्यात बारीक भोके दिसू लागली की वायर बदलण्याआधी पंख्याचे तोंड फिरवावे.

आर्गॉन म्हणजे टिग वेल्डिंग पत्रा कधीच वाकवत नाही, हा समज फार पसरलेला आहे. त्याचा शांत, स्वच्छ आर्क पाहून तसे वाटणे साहजिक आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. व्होल्टला अँपिअरने गुणावे, ६० ने गुणावे आणि हात एका मिनिटात जितके मिलिमीटर सरकतो त्याने भागावे. दर मिलिमीटरला ओतलेली उष्णता ज्यूलमध्ये मिळते. १७ व्होल्ट, ७० अँपिअर आणि मिनिटाला ५०० मिमी या वेगाने चाललेल्या मिगची उष्णता येते सुमारे १४३. टिगला ११ व्होल्ट आणि ५० अँपिअरच लागले, पण हात मिनिटाला १२० मिमीनेच सरकला, तर आकडा २७५ वर जातो. टिगच्या उष्णतेचा थोडा जास्त भाग हवेत जातो हे धरूनही पत्र्यात शिरणारी उष्णता मिगपेक्षा अधिकच राहते. टिग निवडावे ते नेमक्या ठिकाणी थोडी उष्णता देता येते म्हणून, आणि स्टेनलेसचा सांधा देखणा येतो म्हणून. त्यासाठी हात सरावाचा हवा, दोन पत्र्यांमध्ये फट नको आणि मशीनवर पल्सची सोय असेल तर ती वापरावी. हळूहळू, जपून केलेले टिग हे पातळ पत्र्याला सर्वांत त्रासदायक ठरू शकते.

गॅस वेल्डिंगची ज्योत याहून पसरट उष्णता देते, म्हणून लांब सांध्याला ती टाळावी. तरी जुने डेंटिंगवाले उस्ताद ती सोडत नाहीत, याला कारण आहे. गॅसचा सांधा मऊ असतो. मागे डॉली धरून हातोडीने ठोकला की आकसलेला धातू पुन्हा ताणला जातो आणि पत्रा जागेवर येतो. ज्याला हे ठोकणे येते त्यानेच ही पद्धत घ्यावी. पितळी काडीचे ब्रेझिंग हा मधला मार्ग. त्यात पत्रा वितळतच नाही, ९०० अंशांच्या आसपास काम होते, आणि एकावर एक चढवलेल्या सांध्याला ते पुरेसे मजबूत असते.

स्पॉट वेल्डिंगला मात्र कमी लेखले जाते. लोखंडी कपाटे बनवणाऱ्यांकडे ते असते, इतरांना आठवत नाही. १ मिमीच्या दोन पत्र्यांमध्ये काही हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या साधारण पाचव्या भागापुरता जातो, तांब्याची टोके ती उष्णता लगेच शोषून घेतात आणि जोडाचा ठिपका निवूनही जातो. एकावर एक बसणाऱ्या पत्र्यांसाठी, दोन्ही बाजूंनी टोके पोहोचत असतील तर, यापेक्षा सरळ काम देणारी सोपी पद्धत नाही. हातात धरायचे लेझर वेल्डिंगही आता मोठ्या शहरांतून पसरते आहे. त्याचा पट्टा अतिशय अरुंद, वेग मोठा आणि पत्रा जवळजवळ सपाट राहतो. कडा मात्र तंतोतंत कापलेल्या हव्यात, आणि नेहमीची वेल्डिंगची काच त्या किरणांपासून डोळ्यांचे रक्षण करीत नाही. त्याचाच खास चष्मा लागतो, जवळ उभ्या असलेल्या माणसालाही.

या साऱ्याचा उपयोग प्रत्यक्ष कामात कसा होतो, हे डाळ मिलपासून पाहावे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या जिल्ह्याचा डाळ उद्योग जुना आहे आणि त्याच्या हॉपर, एलिव्हेटरच्या नळ्या, सायक्लोन आणि धूळ ओढणारे डक्ट स्थानिक वर्कशॉपमध्येच बनतात, दुरुस्त होतात. मिलमालकाची मागणी ठरलेली: ‘सगळीकडे फुल वेल्डिंग पाहिजे, धूळ बाहेर यायला नको.’ धूळ अडवणे आणि भार पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत. १६ किंवा १८ गेजच्या हॉपरला बाहेरून अँगलच्या पट्ट्या द्यायच्या असतील, तर २५ मिमीचा टाका, मग १०० ते १५० मिमी मोकळे, आणि पट्टीच्या दुसऱ्या बाजूचे टाके त्या मोकळ्या जागांसमोर. एवढ्याने भार आरामात पेलला जातो. उरलेली फट सीलंटने बंद होते, डक्टच्या जोडाला फ्लँज आणि गॅस्केट चालते. सलग वेल्डिंग फक्त आतल्या उताराच्या त्या सांध्यांना ठेवावे जिथे डाळ अडकून राहील.

कोपऱ्यातल्या वेल्डचा आकारही इथेच आवरावा. वेल्डची बाजू दुप्पट केली की त्यात भरलेला धातू चौपट होतो, आणि उष्णताही त्याच मानाने वाढते. १.२ मिमीच्या पत्र्याला ४ मिमीचा जाड वेल्ड दिल्याने ताकद वाढत नाही. तुटलाच तर पत्रा वेल्डच्या शेजारी तुटतो.

चालू मिलमध्ये दुरुस्ती करताना पत्र्याआधी माणसाचा विचार करावा. डाळीची बारीक धूळ आणि भुसा पेट घेतो, आणि बंद नळीत उडत असलेली धूळ स्फोटासारखी पेटू शकते. मशीन बंद करून, एलिव्हेटरची नळी आतून साफ करून, शक्य असेल तर तो भाग खोलून अंगणात आणूनच आर्क लावावा. काम संपल्यावरही अर्धा-पाऊण तास कोणीतरी तिथे थांबावे. भुशात पडलेली ठिणगी उशिरा पेटते.

ट्रकच्या केबिनचे काम वेगळे. पुण्याहून सोलापूर, उमरगामार्गे हैदराबादला जाणारा महामार्ग क्रमांक ६५ सस्तापूर बंगल्यावरून जातो आणि त्या पट्ट्यात बॉडी बांधणीची, डेंटिंगची गॅरेज वाढली आहेत. दरवाजाचा खालचा भाग गंजलेला असतो, तिथे थिगळ लावायचे असते. गंज कापून निरोगी पत्र्यापर्यंत जावे, कारण गंजून निम्म्या जाडीचा झालेला पत्रा कोणत्याही मशीनने टिकत नाही. थिगळाचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपऱ्यावर दोन्हीकडची ओढ एकवटते. कड भिडवून जोडायची असेल तर फट जवळपास नसावी. दुसरा मार्ग अधिक सोपा: जुन्या पत्र्याची कड जाडीइतकी आत दाबावी, थिगळ तिच्यावर बसवावे, वरच्या पत्र्याला ५-६ मिमीची भोके पाडून ती मिगने भरावीत. स्पॉट वेल्डिंगसारखाच परिणाम मिळतो, आणि एका बाजूने काम होते. या जोडाच्या आतल्या बाजूला गंजरोधक आणि सीलंट लावायला विसरू नये, नाहीतर पाणी तिथेच मुरते.

टाक्यांचा क्रम मात्र कोणत्याही पद्धतीत चुकवता येत नाही. आधी चार बाजूंच्या मध्यांवर, मग कोपऱ्यांजवळ, मग उरलेल्या अंतरांच्या मध्यावर, असे करत टाके ३०-४० मिमीवर आणावेत. नंतर १५-२० मिमीचा एकेक तुकडा भरावा, तोही समोरासमोर उड्या घेत. पुढचा तुकडा घेण्यापूर्वी आधीच्या जागेजवळ तळहात टेकवता आला पाहिजे. मागे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि भोकही पडू देत नाही; तिला वेल्ड चिकटत नाही. वेळ जास्त जातो, आणि घाईच्या दिवसांत हेच पहिले सोडले जाते. गाडी नवी असेल, म्हणजे बीएस-६ च्या काळातली, तर बॅटरीची तार काढावी आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट इलेक्ट्रॉनिक भागांतून जाणार नाही.

ऊन हा इथला आणखी एक घटक. मे महिन्यात अंगणात पसरलेल्या २ मीटर पत्र्याचा एक भाग झाडाच्या सावलीत आणि दुसरा उन्हात असेल, आणि दोन्हींत ३० अंशांचा फरक असेल, तर लांबीत पाऊण मिमीच्या आसपास तफावत पडते. त्या अवस्थेत टाकलेले टाके संध्याकाळी पत्रा एकसारखा निवल्यावर ओढ धरतात. लांब पॅनेल पूर्ण सावलीत, निदान तासभर ठेवून मगच जोडावेत.

कूलरच्या जीआय पत्र्याची गोष्ट तर जस्ताची आहे, आणि बिदरला जस्त परके नाही. बिदरी कामाचा धातू मुख्यतः जस्ताचाच, थोडे तांबे मिसळलेला. जस्त ४१९ अंशांवर वितळते आणि ९०७ अंशांवर उकळते. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी जीआय पत्र्यावरचे जस्त वाफ होऊन उडते. म्हणून वेल्ड फुटतो, थेंब उडतात आणि पांढरा धूर येतो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी येते. गूळ-केळी खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने ते टळते असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. धूर फुप्फुसात जातो, पोटात नाही, त्यामुळे खरा उपाय मोकळी हवा, धूर बाजूला ओढणारा पंखा आणि योग्य मास्क हाच. शिवाय वेल्डच्या जागी जस्त गेल्यावर पाण्याच्या टाकीला पहिला गंज नेमका तिथेच लागतो. २४ गेजच्या, म्हणजे साधारण अर्धा मिमीच्या कूलरला वेल्डिंगच नको. कडा एकमेकींत अडकवून घडी ठोकावी, पॉप रिव्हेट मारावेत, तळाला सीलंट भरावे. पत्र्याच्या कोठीचेही तसेच. घडी ठोकून वरून झाळ लावण्याची जुनी रीत उत्तम आहे, फक्त शिसे असलेली झाळ धान्याच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला लावू नये.

स्टेनलेसचा पत्रा साध्या पोलादापेक्षा जास्त वाकतो. ३०४ जातीचे स्टेनलेस तेवढ्याच तापमानवाढीला दीडपट पसरते, आणि उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते. उष्णता सांध्यावरच साचून राहते. हॉटेलच्या ओट्याचा, सिंकचा किंवा खव्याच्या टेबलाचा वरचा पत्रा शक्यतो एका तुकड्यात दुमडून घ्यावा आणि सांधा कोपऱ्यावर नेऊन ठेवावा. टिग वापरताना टाके साध्या पत्र्यापेक्षा जवळ, तांब्याची पट्टी मागे, आणि सांध्याचा रंग फिका सोनेरी राहील इतकाच वेग. सांधा काळा पडला म्हणजे उष्णता जास्त झाली आणि त्या जागी गंज धरण्याची शक्यताही वाढली.

हे शिकायला दूर जावे लागत नाही. आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि कर्नाटक शासनाच्या टूल रूम प्रशिक्षण केंद्राच्या शाखा कलबुर्गीत आणि हुमनाबादेत आहेत. तरी प्रत्येक नव्या कामाआधी त्याच पत्र्याचे दोन हातभर तुकडे जोडून पाहावेत, निवू द्यावेत आणि वर सरळ पट्टी ठेवून फट मोजावी.

इतके करूनही पत्रा फुगला तर तो सरळ होऊ शकतो. वेल्डच्या रेषेवर आकसलेला धातू असेल तर मागे डॉली धरून फक्त वेल्डवर हलके ठोकावे, म्हणजे तो ताणला जाईल. मधला भाग डबा दाबल्यासारखा आतबाहेर टकटक करत असेल तर तिथला धातू ताणलेला आहे. तिथे ठोकले तर तो आणखी वाढतो. अशा जागी नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करावा, लाकडी हातोडीने हलके दाबावा आणि ओल्या फडक्याने निववावा. एका ठिपक्याने भागले नाही तर दुसरा थोडा दूर घ्यावा, त्याच जागी नाही. जस्त चढवलेल्या पत्र्यावर हे करू नये, आणि नव्या गाड्यांच्या केबिनमधल्या उच्च ताकदीच्या पोलादावरही नाही. लाल केल्यावर त्याची ताकद जाते, म्हणून तो भाग कापून नवाच बसवावा.